ओरडून सांगायची गोष्ट

चांगुणानं धुळाला पहिल्यांदा जे शब्द ऐकवले, त्यात गोडवा नावालाही नव्हता.

"मागं व्हा! आदी मागं व्हा म्हन्ते न्हवं!"

माघ सरत आला होता. गिरणीचा सकाळचा भोंगा नुकताच होऊन गेला होता. गल्लीच्या टोकाला, जिथं घरं संपतात आणि मोकळा माळ सुरू होतो, तिथल्या शेवटच्या घरापुढं एक उंच, सावळा तरुण उभा होता. डोक्यावर लोकरीचं गाठोडं, एक पाय पायरीवर, एक खाली. आणि दारात एक मुलगी... हातात केरसुणी उगारलेली, डोळे लाल झालेले, पण आवाज असा, की चौखूर उधळलेला मेंढासुद्धा जागच्या जागी थबकावा.

"चोर वाटलो का काय मी?" तो म्हणाला.

"चोराला बी ह्येच सांगितलं असतं. हितनं कायबी न्यायचं न्हाय. घरात देवी आल्यात."

वरचा पाय झटकन खाली आला. त्यानं चौकटीकडं निरखून पाहिलं. "मग दाराला लिंबाचा डहाळा कुटाय?"

"शेजारच्या रत्नम्माच्या शेळीच्या पोटात."

तो हसला. गाठोडं तोलत, मान न हलवता, नुसत्या डोळ्यांनी हसला. असं हसणं चांगुणानं आधी कुणाचं पाहिलं नव्हतं. आणि आताही पाहायची ही वेळ नव्हती.

"किती मागं जाऊ?"

"जावा की. सांगते."

तो पाठमोरा न होता, तिच्याकडंच बघत मागं मागं निघाला. "आता?"

"अजून."

"आता?"

"अजून!"

"अवो, आता होटगी गाव यील!"

"येऊ द्या."

माळावर एक एकटीच बाभळ होती. तिच्यापाशी त्याची पाठ पोचली तेव्हा चांगुणानं केरसुणी खाली केली. "बास! तितंच."

"चाळीस पावलं झाली!" तो तिथनं म्हणाला. "एवड्या लांबनं बोलायचं म्हंजे वरडायला लागंल की!"

"मग वरडा. तुमाला कुनी अडवलंय?"

गल्लीतल्या चार दारांतून चार डोकी बाहेर आली. त्या सकाळपासून पुढचा जवळजवळ महिनाभर त्या डोक्यांना आत जायला फुरसत मिळाली नाही.

*

चांगुणाचा बाप तात्याबा घोंगड्या विणायचा. मूळचा सांगोल्याकडचा धनगर. एका दुष्काळात मेंढरं गेली, तेव्हा बायकोला आणि कडेवरच्या लेकीला घेऊन सोलापुरात आला आणि मागावर बसला. चिंचोक्याच्या खळीचा आंबूस वास आणि लोकरीची कुसळं यांतच चांगुणा मोठी झाली. आता ती एकोणीस वर्षांची होती, आणि घरात बाप-लेक दोघंच होते.

बापाला ताप चढला, तिसऱ्या दिवशी कपाळावर, मग हातापायांवर फोड उठले. नगरपालिकेचे देवी टोचणारे कुंडलिकराव येऊन बघून गेले. घर गल्लीच्या टोकाला, मागंपुढं मोकळी जागा. म्हणून रोग्याला घरीच ठेवायची परवानगी त्यांनी दिली. तीही चांगुणानं दंड पुढं करून टोचल्याच्या खुणा दाखवल्या तेव्हा. एक लहानपणची आणि एक दोन वर्षांपूर्वीची.

"शेवटची खपली गळून पडेपर्यंत, पोरी," ते म्हणाले होते. "तोवर तू बाहेर नाही, बाहेरचं माणूस आत नाही. आणि घरातला एक चिंधीचा तुकडासुद्धा उंबऱ्याबाहेर नाही."

"मला ठावं हाय," चांगुणा म्हणाली होती.

आता बाभळीखालच्या पाहुण्यालाही तेच सांगायचं होतं. त्याचं नाव धुळा. त्याच्या घरची मेंढरं होटगीच्या वाटेला एका शेतात बसवली होती. दर वर्षी त्याचा चुलता लोकर घेऊन यायचा, यंदा हा आला होता; आणि आईनं सांगून ठेवलेलं घोंगडं त्याला न्यायचं होतं.

"घोंगडं तयार हाय," चांगुणा ओरडली. "पन मी द्यायची न्हाय."

"नवं कोरं हाय न्हवं? रोग्यानं पांघरलं बी नसंल!"

"रोग्यानंच विनलंय!"

आणि मग, का कोण जाणे, जे ती कुणाला कधी सांगत नसे, ते तिनं त्या अनोळखी माणसाला सगळ्या गल्लीदेखत सांगितलं. ती आठ वर्षांची होती. आई मावशीच्या गावाला गेली होती. मावशीच्या लेकराला देवी येऊन गेलेल्या... बरंही झालं होतं ते. निघताना मावशीनं मायेनं एक गोधडी दिली. मऊ, जुन्या लुगड्यांची. आईनं ती थंडीत पांघरली. दोन आठवड्यांनी आई अंथरुणाला खिळली, आणि उठली नाही.

"मावशीची माया खोटी न्हवती, पावनं! पन त्या गोधडीत काय हाय ते कुनाला ठावं न्हवतं. आता मला ठावं हाय. मग मी कशी देऊ?"

माळावरून वारा आला, धूळ उडाली. धुळानं पागोट्याच्या टोकानं तोंड पुसलं.

"आमच्यात मेंढराला देवी आली की त्याला येगळं बांधत्यात," तो म्हणाला. आता तो मुद्दाम ओरडत नव्हता, तरी शब्द न् शब्द पोचत होता. एका टेकाडावरून दुसऱ्या टेकाडावर बोलणाऱ्याचा तो गळा. "ते कळपाकडं बगून वरडतंय, दावं तोडाय बगतंय. आमचा बी जीव तुटतो. पन सोडत न्हाय. ऱ्हाऊ द्या घोंगडं. म्हातारीला सांगतो, चांगल्या हातात हाय म्हनून."

एवढं बोलून तो गाठोडं उचलून चालू लागला. चांगुणा दारातच उभी होती. आजवर तिनं ज्याला ज्याला 'येऊ नका' म्हटलं होतं, तो तो रागावला होता नाहीतर घाबरला होता. समजून घेऊन मागं फिरलेला हा पहिलाच.

*

दुसऱ्या दिवशी तो परत आला, चरवीत शेळीचं दूध घेऊन.

घर आणि बाभळ यांच्या मधोमध एक सपाट दगड होता. शेजारची रत्नम्मा त्यावर रोज भाकरी ठेवायची; ती घ्यायला तेवढं तिथवर यायची मुभा कुंडलिकरावांनी चांगुणाला दिली होती. रत्नम्मा म्हातारी, अक्कलकोटकडची, मराठीत कानडी मिसळून बोलणारी. लहानपणी देवी येऊन गेलेल्या, त्यांचे वण अजून गालांवर. "मला काय होतंय गं? मी येते आत," ती म्हणायची, पण चांगुणानं तिलाही येऊ दिलं नव्हतं. "आजी, तुमाला न्हाय व्हायचं. पन तुमच्या पदराला चिकटून तुमच्या नातवंडांकडं जाईल, त्याचं काय?"

दुधाची रीतही चांगुणानंच ठरवली. पहिल्याच दिवशी पातेलं उकळत्या पाण्यानं धुऊन तिनं दगडावर नेऊन ठेवलं होतं, ते तिथंच राहायचं. धुळानं त्याला हात न लावता वरून धार धरायची, आणि तो बाभळीपाशी पोचला की तिनं येऊन दूध आपल्या गडव्यात ओतून घ्यायचं.

"एवड्या वरनं धार धरतो, एक थेंब सांडत न्हाय. बगितलं का?" तो विचारी.

"दुधाकडं बगू का तुमच्याकडं?"

"बगा की... जिकडं बगावं वाटंल तिकडं!"

"अय्यो शिवा!" रत्नम्मा आपल्या दारातून म्हणे. "शिमगा लांब हाय अजून, आन् ह्यांची बोंबाबोंब बगा!"

दूध हे निमित्त होतं हे गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही कळत होतं. चांगुणाला कळत नव्हतं असं नाही. बापाच्या अंगावर लिंबाचा पाला फिरवताना, फोडांवरच्या माशा वारताना, ताटलीभर पेज चमच्याचमच्यानं भरवताना तिचा एक कान माळाकडं असायचा. दिवस जडच होता. पण त्या जड दिवसाला आता एक वेळ अशी होती, जिची वाट बघता येत होती.

*

सहाव्या दिवशी सकाळी घराच्या मागच्या अंगाला बैलांच्या घुंगुरमाळा वाजल्या.

चांगुणा बापाचं तोंड पुसत होती. आधी तिनं लक्ष दिलं नाही. मग मागची खिडकी उघडून बघते तो, पडवीचं दार सताड उघडं, आणि आत रचून ठेवलेल्या आठही घोंगड्या गायब. माळाच्या कडेनं एक छकडा वैरागच्या रस्त्याला लागत होता. हाकणारा तिचा चुलता, हिंदुराव. उद्या वैरागचा बाजार. परवापासून तो निरोप धाडत होता, की घोंगड्यांना कुठं देवी येतात का, बाजार चुकवू नको म्हणून. तिनं दोनदा नाही म्हणून सांगितलं होतं.

ती धावत पुढच्या दाराशी आली आणि उंबऱ्यावर थांबली.

छकडा अजून फार लांब गेला नव्हता. पळत गेली असती तर तिनं तो गाठला असता... पण सगळी गल्ली ओलांडून, पाणी भरणाऱ्या बायकांमधून, खेळणाऱ्या पोरांमधून. बापाच्या फोडांना नुकत्याच लागलेल्या हातांनी, त्याच लुगड्यात. तिचा एक पाय उंबऱ्यावर उचललेला होता. तो तिनं तसाच खाली ठेवला, आतल्या बाजूला. चौकट दोन्ही हातांनी घट्ट धरली, आणि पोटापासून हाक मारली.

"पावनंऽऽ! छकडा आडवाऽऽ! घोंगडी चालली वैरागलाऽऽ!"

धुळा नुकताच बाभळीपाशी येत होता. त्यानं काही विचारलं नाही. चरवी जमिनीवर ठेवली, धोतराचा काचा मारला, आणि तो माळावरून असा सुटला, की मागं नुसती धूळ.

मग वाट बघणं आलं. नऊ वाजून गेले असतील, दहा झाले असतील. गिरणीचा दुपारचा भोंगा झाला. चांगुणानं बापाला पेज भरवली, त्यातली निम्मी उशीवर सांडली. शेवटी गल्लीतून पोरांचा गलका आला. ती दारात आली.

छकडा परत येत होता. पुढं हिंदुराव, मान खाली घालून बैलांचा कासरा धरून चालत होता. आणि मागं, चांगला लांब, धुळा. खांद्यांवर आठ घोंगड्यांची थप्पी.

"कसा थांबवला?" ती ओरडली.

"बैलांना शीळ घातली. बैल थांबले. काका थांबनात, ते छकड्यातनं उतरून भांडायला आले." धुळाला अजून धाप लागली होती. "मग मी म्हनलं, काका, उद्या बाजारात ही घोंगडी कुनाच्या तरी लेकराच्या अंगावर पडंल. ते लेकरू तुमाला दिसत न्हाय म्हनून तुमी निगालात. मला दिसतंय. मग त्यांनी बैल फिरवले."

हिंदुरावानं चांगुणाकडं पाहिलं आणि नुसतं म्हणाला, "चुकलं गं, पोरी."

चांगुणाचं लक्ष मात्र दुसरीकडंच होतं. "पावनं... ती घोंगडी तुमी खांद्यावर घेतली?"

"भांडनात मीच छकड्यातनं वडून काढली. मग काय शिंगावर घेऊ?"

"अवो, आता तुमाला बी—"

"व्हय. ठावं हाय मला." थप्पी बाभळीखाली उतरवत तो म्हणाला. "वाटंत इच्यार करतच आलो. आता मी मेंढरांकडं जायचो न्हाय. तितं म्हातारी हाय, भावाची लेकरं हायती. किती दिवस धरायचं?"

"सोळा."

त्यानं बाभळीकडं पाहिलं, माळाकडं पाहिलं, मग सावकाश तिच्याकडं. "बरं हाय की," तो म्हणाला. "दूध आनायला चालत यायचं वाचलं."

*

कुंडलिकराव सायकलीवरून आले. हिंदुरावाला आणि धुळाला त्याच दिवशी टोचलं. संसर्गानंतर लगेच टोचलं तर रोग बहुतेक टळतो, म्हणाले. हिंदुरावाला त्याच्याच गोठ्यात बसवलं. धुळासाठी गल्लीतल्या लोकांनी माळावर लांबूनच कडबा टाकला, आणि त्यानं स्वतःच आपली खोप बांधली. माजलेल्या एडक्याला शिंगांनी धरणारा हा गडी सुई बघताच डोळे गच्च मिटून बसला, हे चांगुणानं चाळीस पावलांवरून पाहिलं. कितीतरी दिवसांनी ती मोठ्यानं हसली.

"हसा, हसा! दंड माजा हाय!"

"एडक्याला सांगते तुमच्या!"

घोंगड्या उकळत्या पाण्यातून काढून कडक उन्हात वाळवायच्या, असं फर्मान होतं. धुळानं एकेक उकळून खोपीवर पसरली. लोकर आटली. आईच्या घोंगडीचा तर रुमाल व्हायचा बाकी होता.

तिसऱ्या दिवशी आई आली. केराबाई... वाळलेल्या शेंगेसारखी, खणखणीत म्हातारी. ती लेकाच्याही वीस पावलं पलीकडं उभी राहिली. लेकानंच तशी हाक देऊन थांबवली होती. आटलेलं घोंगडं तिला लांबूनच दाखवण्यात आलं.

"ह्ये माज्या गुडघ्याला तरी पुरतंय का रं?" तिनं विचारलं. मग तिची नजर लेकाच्या पुढं चाळीस पावलांवर, दारातल्या मुलीवर गेली. जरा वेळ तिथंच राहिली. "असू दे, असू दे. पाळन्यात घालायला बरं."

गल्ली खो खो हसली. चांगुणाचे कान तापले, पण ती दारातून हलली नाही.

"पोरी! तोंड हिकडं कर, नीट बगू दे!"

"मागल्या बाजूनं बी बगायचं आसंल तर सांगा, आत्ताच फिरते!"

"जीब हाय की गं तुला!"

"हाय. म्हनून तर तितवर ऐकू येतंय!"

"कुडची तुमी?"

"मूळची महूदची! सांगोल्याकडची!"

"आगं बया, आपलीच की..." म्हातारी स्वतःशीच म्हणाली असावी, पण माळरानावरचा गळा, सगळ्यांना ऐकू आलं. मुलगी दाखवायच्या कार्यक्रमात एरवी मुलगी खाली बघते आणि मोठी माणसं बोलतात. इथं मध्ये साठ पावलं होती, आणि मुलीचा आवाज सगळ्यांत मोठा होता.

*

धुळाच्या नवव्या दिवशी सकाळी चांगुणानं नेहमीसारखी हाक मारली. "पावनं, उटला का?"

उत्तर नाही.

"पावनं!"

खोपीतून काहीच हललं नाही. कडब्यावर एक चिमणी बसली होती, ती तेवढी उडाली.

नववा दिवस. घोंगडीतून, त्या घामेजल्या खांद्यांवर... तिनं पुन्हा हाक मारली, मग पुन्हा. गल्ली गोळा झाली. कुणीतरी कुंडलिकरावांना आणायला धावलं. मध्ये फक्त चाळीस पावलं होती. डोळे मिटून चालत गेलं तरी संपतील एवढी. आत बाप पाणी मागत होता. त्याच्या खपल्या आता कुठं सुटायला लागल्या होत्या, आणि एकेक खपली म्हणजे विस्तव, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? धुळाला काही झालं नसेल, तर ती जाऊनच त्याला रोग देऊन येईल. तिला जावंसं वाटत होतं, आणि त्याच माणसासाठी ती थांबली होती. आपण या माणसावर जीव लावून बसलो आहोत हे तिला कळलं ते तिथं, उंबऱ्याच्या आत पाय रोवून उभं असताना.

मग ती हाक मारतच राहिली. आवाज फाटला, चिरला, शेवटी नुसता वारा यायला लागला, तेव्हा खोपीच्या तोंडाशी एक हात वर आला. हळूच, जड झालेला. आणि हलला.

कुंडलिकरावांनी तपासलं. दंड सुजलेला, टोचल्याजागी मोठा फोड, अंगात ताप. "टोचल्याचाच ताप हा," त्यांनी गल्लीला ऐकू जाईल असं सांगितलं. "लस चांगली धरली. दोन दिवसांत उठेल. दुसरी एक पुळी नाही अंगावर."

चांगुणानं काहीतरी म्हणायला तोंड उघडलं. आवाजच नव्हता.

तिसऱ्या दिवशी धुळा खोपीबाहेर येऊन बसला तेव्हाही तिचा आवाज परतला नव्हता. मग दोन दिवस तो एकटाच बोलला. मेंढरांची नावं सांगितली, कुठली खोडकर, कुठली आंधळी. पाऊस लागला की सगळी माणसं एका घोंगड्याखाली कशी बसतात ते सांगितलं. ती दारात बसून ऐकायची. हो म्हणायचं तर मान, नाही म्हणायचं तर हात. एकदा तो मध्येच थांबला आणि म्हणाला, "तू हाका मारत हुतीस तवा मला ऐकू येत हुतं. हात उचलंना... पन ऐकू येत हुतं."

त्याच्या तोंडून 'तुमी'चं 'तू' झालं होतं. त्याच्या लक्षात आलं, आणि तो गडबडला. चांगुणानं मान हलवली. वरून खाली, अगदी सावकाश.

*

शिमगा आला आणि गेला. सोळावा दिवस उजाडला. कुंडलिकरावांनी धुळाला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं आणि मोकळं केलं. त्यानं खोप पेटवून दिली, आंघोळ केली, आईनं ठेवलेले धुतलेले कपडे घातले. मेंढरं केव्हाच पुढं गेली होती; भाऊ एकटा, चारा संपत आलेला. जाणं भागच होतं.

तात्याबा आता उठून बसत होता. तोंडभर वण पडले होते, पण डोळे शाबूत होते, भूक लागत होती. मात्र तळपायांच्या खपल्या अजून चिकटून होत्या. तोवर या घराचा उंबरा बंद.

धुळा बाभळीपाशी येऊन उभा राहिला. आता तो मोकळा होता, पण एक पाऊलही पुढं आला नाही.

"जातो मी."

"जावा," चांगुणा म्हणाली. आवाज परतला होता, जरा घोगरा. "मेंढरं वाट बगत आसतील."

"जातो, पन..." आठ घोंगड्या खांद्यावर घेऊन कोसभर आलेला माणूस पागोट्याचं टोक बोटाला गुंडाळत उभा होता. "परत येऊ का?"

सगळी गल्ली दारांत होती. रत्नम्मानं तर बसायला पाट आणला होता.

चांगुणा काहीतरी बोलली.

"आं? काय म्हनलीस?"

ती पुन्हा बोलली. ओठ हलले तेवढे दिसले.

"ऐकू येत न्हाय गं!"

घरातून तात्याबाचा खोल गेलेला आवाज आला. "वरडून सांग की त्याला! घरात हुबं ऱ्हाऊन मला सांगून काय उपेग?"

चांगुणानं पदर खोचला. चौकट सोडून ती ताठ उभी राहिली, आणि जी हाक तिनं घोंगड्यांसाठी मारली होती तिच्याहून मोठी मारली.

"या! घोंगडं न्यायला येऊ नगा... मला न्यायला या!"

मग धुळानं पागोटं काढलं, हवेत उडवलं, ते बाभळीच्या काट्यांत अडकलं, आणि तो ते काढायचं विसरून बोडक्या डोक्यानं वाटेला लागला. दहा पावलांवर आठवण झाली, परत आला. हसतच होता. डोळ्यांनी, दातांनी, सगळ्या अंगानं.

"काय रे, नीट ऐकलास का?" रत्नम्मा पाटावरून ओरडली. "का मी परत सांगू?"

*

नऊ दिवसांनी शेवटची खपली पडली. चांगुणानं ती आणि बापाचं अंथरूण-पांघरूण जाळलं. घर उकळत्या पाण्यानं धुतलं, भिंतींना चुना दिला, बापाला आंघोळ घातली, स्वतः घेतली. कुंडलिकरावांनी सगळं पाहून मान डोलावली. दाराला नव्यानं लावलेला लिंबाचा डहाळा तिनं आपल्या हातानं काढला, आणि रत्नम्माच्या शेळीपुढं टाकला.

धुळा तिसऱ्या प्रहरी आला. बरोबर आई, भाऊ, आणि गुळाची ढेप. मोठी माणसं तात्याबापाशी आत बसली. त्यांचं बोलणं ठरवायचं कमी आणि ठरलेलं सांगायचं जास्त होतं. हिंदुराव सगळ्यांना पाणी देत फिरत होता.

चांगुणा बाहेर पायरीवर आली. धुळा माळाकडून चालत आला. बाभळ मागं पडली, सपाट दगड मागं पडला. तो चालतच राहिला, आणि मग त्यांच्यामध्ये दोन हातांचं अंतर उरलं.

पहिल्या सकाळच्या त्या गडबडीनंतर एवढ्या जवळून त्याला तिनं पाहिलं नव्हतं. त्याच्या भुवईत एक जुना काप होता. अंगाला लोकरीचा आणि उन्हाचा वास होता. तो तिच्यापेक्षा चांगला वीतभर उंच होता, हे तर तिला ठाऊकच नव्हतं. आणि साऱ्या गल्लीदेखत ज्याला सगळं सांगून झालं होतं, त्याच्यापुढं तिला एक शब्द सुचेना. त्यालाही सुचत नसावा. तो एकदा खाकरला. सवयीनं छाती भरून श्वास घेतला... आणि तो तसाच सोडून दिला.

मग तो जरासा वाकला आणि तिच्या कानाशी काहीतरी म्हणाला.

गल्लीतली सगळी डोकी पुढं झाली. कुणालाही काही ऐकू आलं नाही.

"काय म्हनला गं?" रत्नम्मा दारातून ओरडली. "चांगुणा! काय म्हनला? आमाला बी सांग की!"

चांगुणानं पदराचं टोक दातांत धरलं. महिनाभरात पहिल्यांदाच तिनं उत्तर दिलं नाही.